गाद्यांच्या खोलीतला कोरस

टाळी परत आली नाही आणि ती दचकली.

सकाळपासून ती घरभर टाळ्या वाजवत हिंडत होती. बैठकीच्या खोलीत टाळी समोरच्या भिंतीवर आपटून लगेच उलटून आली, उद्धट मुलानं उत्तर द्यावं तशी. स्वयंपाकघरात ती फरशीवरून, भांड्यांवरून टणटणत आली. न्हाणीघरात एकीच्या इतक्या झाल्या की पलंगावर उशांच्या कुंपणात झोपलेल्या मुलीनं झोपेतच दोन्ही हात हवेत उडवले, आणि मग ते हळूहळू, आपण कुणाचे असा विचार करत, खाली आले. नवरा दाढी करत होता. "कुणाचा सत्कार आहे?" त्यानं फेसाच्या आतून विचारलं. "खोली शोधतेय," ती म्हणाली. "एवढंसं घर. त्यात हरवली कुठली?" तेवढ्यात पॅसेजच्या टोकाला असलेल्या कोठीत ती शिरली होती. कोठी नावालाच खोली. खिडकी नाही. पाहुण्यांच्या गाद्या, रजया, थंडीतले जाड कोट, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या उश्या. तिनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज झाला, पण तेवढाच; दोन तळहातांच्या मधेच संपला. कुणीतरी मागून येऊन अलगद मनगटं धरली असं तिला वाटलं. "जिथं टाळी मरेल ती खोली तुमची," असं गाण्यातली वाद्यं-आवाज जुळवणाऱ्या अरेंजरनं फोनवर सांगितलं होतं. तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा मेली. तिला आनंद व्हायला हवा होता, कारण हीच तर खोली हवी होती. पण ती बराच वेळ तिथं हात जुळलेले तसेच धरून उभी राहिली.

अरेंजर वयानं तिच्याहून लहान. तिला ताई म्हणायचा आणि ताई म्हणता म्हणता हवं ते करून घ्यायचा. "ताई, तो रेकॉर्डिंगचा मोठा हॉल गेला. तिथं आता लोक वजनं उचलतात. सगळे घरूनच पाठवतात हल्ली. गाणारी तिच्या घरून, बासरीवाला त्याच्या घरून, आणि मी इथं बसून ठिगळं शिवतो. तुम्ही कोरस पाठवा. पाच आवाज." तिनं विचारलं, पाच जणींना इथं बोलावू का? तो हसला. "बोलवा की. मावतील? अहो ताई, पाच जणी कशाला, पाच वेळा तुम्हीच गा. हल्ली असंच करतात." हल्ली असंच करतात. त्यानं इतकं सहज म्हटलं की तीही सहज हो म्हणून गेली. फोन ठेवल्यावर मात्र ते हो तिच्या तळहाताला कणकेसारखं चिकटून राहिलं, धुतलं तरी बोटांच्या बेचक्यात थोडं उरलेलं. पण नाही तरी कशी म्हणणार होती? मुलगी झाल्यापासून ती गायली नव्हती. मुलीला झोपवताना गुणगुणणं वेगळं. ते गाणं नव्हे, ते तर थोपटणंच. छातीत दूध भरून आलं की कळ यायची तशीच अधूनमधून गळ्यात यायची, भरून आल्याची, ठणकणारी, आणि तिला प्यायला कुणी नव्हतं. आता नाही म्हटलं तर हा पोरगा दुसरीला फोन करेल आणि त्या दुसरीकडेही गाद्या असतीलच.

हॉलमध्ये त्या पाच जणी एकाच माइकभोवती अर्धचंद्रासारख्या उभ्या राहायच्या. दुसऱ्यांच्या गाण्यांत मागून येणारा जो बायकांचा घोळका असतो, तो त्या. उंच बाई मागे, कारण तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा. तिला सगळे उंचच म्हणत. तिच्याशेजारी खिदळी, जी ओळ संपली की हसायची, म्हणून रेकॉर्डिस्टनं तिला लाल दिवा विझेपर्यंत गाल आतून चावून ठेवायला शिकवलं होतं. मग बँकवाली, नोकरीतून पळून येणारी, नजर घड्याळावर आणि सूर चोख. आणि तिच्या स्वतःच्या डाव्या हाताला मावशी. मावशी म्हणजे सख्खी नव्हे, कुणाचीच नव्हे, सगळ्यांचीच. कोरसचा पहिला धडा मावशीनंच दिला होता, अगदी पहिल्या दिवशी, ती हौसेनं गळा काढून गायली तेव्हा, कोपरानं बरगडीत हलकेच ढोसून: "ऐकू आलीस की चुकलीस." पाच जणींनी मिळून एक बाई व्हायचं, आणि त्या बाईला चेहरा असता कामा नये. दुसरा धडा शब्दांच्या शेवटांचा. ओळ 'रात' अशी संपली तर पाच तोंडांतून पाच त पडतात, ते कधीच एकदम पडत नाहीत, आणि माइकला ते पत्र्यावर मूठभर वाटाणे सांडल्यासारखे ऐकू येतात. म्हणून चौघींनी शब्द उघडाच सोडायचा, स्वर धरून विरून जायचं, आणि तो शेवटचा त एकीनंच ठेवायचा. ती एक म्हणजे मावशी. खिदळी तिला पूर्णविराम म्हणायची. "पूर्णविराम अजून जिन्यातच आहे, वाक्य संपवू नका गं." आणि जिन्यातून धापा टाकत उत्तर यायचं, "आले आले, मेलींनो, तोवर सूर धरून ठेवा, सांडू नका." पोटात मुलगी असताना शेवटी शेवटी तिला लांब सूर पुरेना झाले. मावशी कुणाला दिसणार नाही असा हात मागून तिच्या कमरेत घालायची, तळहात पाठीच्या कण्याला टेकवून, आणि ती त्या हातावर थोडीशी रेलून उरलेला सूर ओढून न्यायची. तो हात उबदार आणि खरखरीत होता. अजूनही लांब श्वास घेतला की पाठीच्या त्याच जागेला तो आठवायचा. तिच्या आधी तिच्या पाठीला.

मावशी फोन करायची. आधी मुलीची चौकशी, दात, झोप, पोट, मग आवाज मुद्दाम हलका करून, "काय गं, कुठून काही बोलावणं?" "नाही हो मावशी." हे उत्तर खरं होतं तेव्हाचं. मग एके दिवशी ते खोटं झालं आणि तरीही तसंच्या तसं, त्याच सुरात तोंडातून गेलं, इतक्या सराईतपणे की तिला स्वतःचीच भीती वाटली. फोन ठेवण्याआधी मावशी नेहमी आणखी एक गोष्ट सांगायची: "आज सगळं जागेवर आहे बरं का." म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, मावशी जुन्या गाण्यांच्या ओळी मनाशी म्हणून बघायची, एकेक डबा उघडून आत जिन्नस आहे ना बघावं तसं. मावशीची थोरली बहीणही कोरसमध्येच होती. शेवटी तिचं सगळं पुसत गेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची, मग गॅस बंद करायचं. आणि एका दुपारी रेडिओवर जुनं गाणं लागलं तेव्हा थोरलीनं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "बऱ्या गातायत गं. कोण या?" त्या बऱ्या गाणाऱ्यांत ती स्वतःच होती. मावशीनं हे एकदाच सांगितलं होतं, हॉलच्या जिन्यात चहा पिताना, आणि सांगून झाल्यावर चहा तसाच ठेवून दिला होता. "मरण येऊ दे, वाटेल तेव्हा येऊ दे. पण स्वतःचा आवाज ओळखू न येणं, ते नको बाई."

सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं बाह्या सरसावून कोठी लावून दिली. गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीनं कमरेत बांधल्या. कैदी बांधलेत असं म्हणून स्वतःच हसला. छताखाली रजई ताणली. दाराच्या आतून जाड कोट टांगले. माइक आणला होता. त्याच्यासमोर तिनं भरतकामाच्या लाकडी कड्यावर जुना पायमोजा ताणून बसवला, म्हणजे प आणि फ म्हणताना तोंडातली हवा थेट माइकवर आदळत नाही. "माझा कोट आणि तुझा मोजा," तो म्हणाला, "गाणं कुणाच्या नावावर?" कॉम्प्युटरचा पंखा सारखा घुरघुरायचा, म्हणून त्याला आत घेता येईना, तो बाहेर पॅसेजमध्ये इस्त्रीच्या टेबलावर बसला आणि त्याच्या वायरी दाराखालून आत आल्या. म्हणजे बाहेर कळ दाबायची, लाल दिवा लागला की आत पळायचं, दार ओढून घ्यायचं, हेडफोन चढवायचा, धपापणारी छाती शांत करायची आणि गायचं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तिची पावलं असायची, चोरासारखी. फ्रिज बंद करायचा, नाहीतर त्याची गुणगुण आत शिरते. आणि मग तो चालू करायला विसरायचं, आणि संध्याकाळी नवऱ्यानं फाटलेलं दूध मुकाट्यानं ओतून टाकायचं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की थांबायचं. हे सगळं दुपारी, मुलगी झोपली की. मुलीची झोप ही वर्तमानपत्राच्या कागदासारखी. नीट धरली तर टिकते, नाहीतर घडीवरच फाटते.

पहिल्या दिवशी ती पाचही वेळा मनापासून गायली आणि पाचही थर एकावर एक ठेवून ऐकले. ती एक जाडजूड बाई निघाली. पाच जणी नव्हेत. एकच बाई, खूप कपडे घातलेली. संध्याकाळी अरेंजरनं कळवलं, "ताई, सूर मस्त. पण दोन गोष्टी. पाच जणी वाटत नाहीत. आणि शब्द संपतच नाहीयेत हो, सगळ्या ओळी उघड्या पडल्यात." तिनं पुन्हा ऐकलं. खरंच. एकाही ओळीला शेवट नव्हता. पाचही वेळा तिनं शब्द उघडा सोडला होता आणि शेवटच्या अक्षराची वाट बघत थांबली होती. इतकी वर्षं तिनं एकही शब्द पूर्ण केला नव्हता आणि तिला ते कधी कळलंही नव्हतं, कारण डावीकडून तो कुणीतरी पुरा करत होतं. घरातही ती असंच बोलते का? नवऱ्याला, आईला, भाजीवाल्याला? कितीतरी वाक्यं तिनं अशीच अर्धवट हवेत सोडली असतील, शेजारी कुणी उभं आहे या भरवशावर. दारामागचे कोट तिच्याकडे पाठ करून उभे होते. ती मांडी घालून खालीच बसली आणि मुलगी उठेपर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दुपारी ती माइकपासून एक पाऊल मागे सरली, टाचा उंचावल्या, हनुवटी वर केली आणि उंच झाली. नक्कल करायची म्हणून नव्हे. उंच जिथं उभी असायची तिथून गाऊन बघावं, एवढंच. आवाज खरंच डोक्यावरून गेला. मग गाल आतून चावून, पोटात हसू दाबून खिदळी झाली, आणि बँकवालीसाठी तिनं मनगटावर घड्याळ बांधलं. खूप दिवसांनी तिला मजा येत होती. घामानं पाठ भिजली, केस मानेला चिकटले, तिनं दार उघडून वारा घेतला, मुलीच्या श्वासाचा कानोसा घेतला आणि पुन्हा आत गेली. मग मावशीची पाळी आली. एक हात कानावर, एक पोटावर. मावशी सूर लावण्याआधी नाकातून एक बारीकसा श्वास घ्यायची, सुईत दोरा ओवताना घेतात तसा. तिनं तो घेतला. सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा सुरात शिरली, शब्द जपून उघडला आणि शेवटी तो 'त' ठेवला, हळूच, पेला टेबलावर ठेवावा इतक्या हळू. बाहेर येऊन तिनं पाचही थर एकत्र लावले आणि अंगावर काटा आला. हॉल उभा राहिला. जिना, चहाचे डाग, तो लाल दिवा. पाच जणी उभ्या होत्या आणि डावीकडे मावशी होती. तिनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि कितव्यांदा तरी ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपण आनंदानं रडत नाही आहोत. पाच जणींची जागा तिनं एकटीनं अडवली होती आणि वर त्यांचेच आवाज अंगावर घालून बसली होती. खिदळीला राग आला असता, उंच हसली असती, बँकवालीनं खांदे उडवले असते. पण मावशी सकाळी उठून डबे उघडून बघते. मावशी वाट बघते. हे मावशीला कळता कामा नये. तिनं तसं ठरवलं, आणि ठरवताना तिला वाटलं की आपण मावशीवर माया करतोय.

मावशी आली ती न सांगता, दुपारी, हातात विणलेलं टोपडं घेऊन. ती स्वतः त्या वेळी पॅसेजमध्ये एक ओळ फिरत ठेवून, परत परत तीच लावून, थरांची उंची जुळवत बसली होती. बेल वाजली, बेलनं मुलगी उठली, आणि दोघींकडे एकदम धावताना तिनं स्पीकर तेवढा बंद केला. "अगं, किती वाळलीस!" दारातच मावशी म्हणाली. "आणि ही? ही सगळी तुझीच हडपते का गं?" मुलीनं अनोळखी चेहरा बघून ओठ काढला, मग मावशीच्या चष्म्याची काडी धरली आणि मामला मिटला. मावशीच्याही मानेवरची कातडी सैल झाली होती. हातावर शिरा उठल्या होत्या. "काय गं, घरात हे काय? इस्त्रीच्या टेबलावर कारखाना काढलास?" तिच्या तोंडून भलतंच निघालं, "अहो ते असंच, सरावाला." "दाखव की मग." मावशीनं कोठीचं दार उघडलं आणि बांधलेल्या गाद्या बघून खो खो हसली. "ही तर दंगलीत धरलेली माणसं वाटतायत!" आत उभी राहून मावशीनं स्वतःच एक टाळी वाजवली, जुनं माणूस, न सांगता कळलेलं, आणि मान हलवली. "वा. चांगली मेली." तेवढ्यात मुलीनं कपडे ओले केले. ती मुलीला घेऊन पलंगाकडे धावली. चड्डी बदलताना, पावडर लावताना, मुलीच्या पोटावर सवयीनं फुर्र करताना, सगळा वेळ तिच्या मनात कुठेतरी काहीतरी चालू राहिल्याची टोचणी होती, फ्रिजसारखी. आणि मग तिला आठवलं. स्पीकर बंद केला होता. ओळ बंद केली नव्हती.

मावशी कोठीतल्या स्टुलावर बसली होती. हेडफोन कानावर, डोळे मिटलेले, एक हात पोटावर. ओठ बारीक हलत होते. चेहरा असा झाला होता की तिनं तो आधी कधी पाहिला नव्हता. बऱ्याच दिवसांनी घरी आल्यावर माणसाचा चप्पल काढताना होतो तसा. तिनं हाक मारली नाही. मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. मावशीनं डोळे उघडले आणि हेडफोन न काढताच, ऐकू येत नसलेल्या माणसासारखं मोठ्यानं म्हणाली, "कित्ती छान जमलंय गं! आपण पाची! हे कधीचं?" आणि मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र त्याच्या मागून निघून गेले. मावशीनं हेडफोन काढला. "हे कधी गायलो गं आपण?" या वेळी हळू. "ही ओळ... मला ही ओळ आठवत नाही." पोटावरचा हात मांडीवर आला, मांडीवरून गुडघ्यावर, काहीतरी चाचपत. "थांब हं, सांगू नकोस. थांब. मी आहे ना यात. माझा आवाज आहे. मग ओळ कशी आठवत नाही? सकाळीच तर सगळं..."

तिला दोन्ही उत्तरं एकदम दिसली. मागच्या वर्षी, मावशी, घाईघाईत उरकलेलं ते, तुम्हाला ताप होता त्या दिवशी, असं म्हणता आलं असतं. जिभेवर तयारच होतं, फोनवरच्या नाही हो इतकंच सराईत. मग मावशी घरी गेली असती आणि उद्या सकाळी एक रिकामा डबा तिला सापडला असता. आणि परवा ती आणखी शोधू लागली असती. किंवा खरं सांगायचं, म्हणजे: तुमची गरज उरली नाही. तुमच्याशिवायही तुम्ही होता. मुलीनं तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती; त्या ओल्या, उबदार मुठीचा भार तिला गळ्यापाशी जाणवत होता. मावशीचे डोळे तिच्याकडे लागले होते, शाळेत पुढची ओळ न आठवणाऱ्या मुलीचे असतात तसे, कुणीतरी पहिला शब्द सांगेल म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही विसरला नाहीत, मावशी. तुम्ही हे गायलाच नाहीत. ती मी आहे." मावशीला कळलं नाही. "पाचही मीच आहे," ती म्हणाली, आणि या वेळी वाक्य शेवटपर्यंत नेलं. "उंच, खिदळी, सगळ्या. काम आलंय. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मावशी गादीच्या कडेचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळू लागली. बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत गुंडाळला, मग सोडला. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे," मावशी म्हणाली. "अगदी ठीक आहे." "हं." मग, "पाचही?" "हो." "खिदळी बरी जमलीय. हसू दाबलेलं कळतं." "मावशी, रागवा ना माझ्यावर." "रागावते. थांब जरा. एक एक करू दे." तिला हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली, मुलगी मांडीत. मावशीनं हेडफोन पुन्हा चढवला आणि ओळ पुन्हा ऐकली, या वेळी डोळे उघडे ठेवून, कपाळाला आठी घालून, हॉलमध्ये दुसऱ्यांचं चुकलेलं शोधताना ऐकायची तसं. "माझं मात्र तू चुकवलंयस," मावशी म्हणाली. "मी उशिरा येत नाही." "येता, मावशी. थोड्याशा. नेहमीच." "मी उशिरा येत नाही. मी थांबते. दोन्हीत फरक आहे. तुम्ही चौघी पोचलात का ते ऐकते आणि मग शिरते. तू नुसतीच मागून आलीयेस, गाडी चुकल्यासारखी." आणि कुणाला सांगतो आहोत ते ध्यानात येऊन मावशी थांबली.

"तुम्हीच गा," ती घाईनं म्हणाली. "आत्ता. इथंच. मी बाहेर कळ दाबते. माझं पाचवं काढून टाकते आणि तुमचं..." "नको." "का?" "गाऊन बघितलंय घरी. थरथरतो आता. हनुवटी अशी धरली तरी थरथरतो." मावशीनं हनुवटी धरून दाखवली. "तुझ्याकडे आहे तो माझा चांगल्या दिवसांतला आहे. तोच राहू दे." "मग फोनवर बोलावणं आलं का म्हणून का विचारत होता?" मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की प्रश्नाची तिला लाज वाटली. "कुणी विचारलं का, एवढंच विचारत होते. जायचं कुणाला होतं?" मावशी उठली. गुडघे वाजले. कोटांना धरून दारापर्यंत आली आणि हात पसरले. "आण ती इकडे. आणि तू जा आत. नीट कर. माझ्या नावावर गाडी चुकलेली बाई नको." "मावशी, आज राहू दे..." "मुलीची झोपेची वेळ झालीय, डोळे चोळतेय बघ. मी झोपवते. ही लांब पट्टी दाबायची ना? दिवा लाल झाला की?" दार मावशीनंच बाहेरून ओढून घेतलं.

आत काही ऐकू येत नव्हतं. तिनं हेडफोन चढवला. वाद्यांचा तुकडा सुरू झाला, मग तिचेच चार आवाज. कानावर हात, पोटावर हात. ती थांबली. उंच आली, खिदळी आली, बँकवाली आली, आणि सगळ्यांत शेवटी तिचा स्वतःचा आवाज आला, कोवळा, कुणावर तरी रेलून गाणारा. इतकी वर्षं तो डावीकडून कसा ऐकू येत असेल हे तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं. सगळ्या पोचल्या. मग ती शिरली. शब्द उघडला, त्याला लागेल तेवढा वेळ दिला, आणि मिटला. चुकलं नव्हतं हे तिला लगेच कळलं. पाठीला कुणाचा हात नव्हता आणि सूर पुरला होता. ती तशीच उभी राहिली, डोळे पुसावेत तर कोटाची बाही हलेल आणि आवाज होईल म्हणून न पुसता, वाद्यं पूर्ण विरेपर्यंत.

मग तिनं दार अलगद ढकललं. पॅसेजमध्ये टेबलापाशी लाल दिवा अजून लागलेला होता. मावशी दाराकडे पाठ करून उभी होती, चप्पल काढून, अनवाणी. मुलीचं डोकं तिच्या खांद्यावर, तोंड उघडं, गाढ. मावशी एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होती आणि मुलीच्या पाठीवर हात उचलून ठेवत होती, थापट वाजणार नाही इतका हलका. कपाटाच्या आरशात तिला मावशीचा चेहरा दिसला. मावशी गात होती. मान थोडी तिरकी, भुवया उचललेल्या, ओठ एकेक शब्द नीट उघडत आणि नीट मिटत होते. ओळ संपायची, ती श्वास घ्यायची, पुढची ओळ. नुसते ओठ. आत मुद्रण चालू होतं म्हणून आवाज तिनं बाहेर काढला नव्हता.